दुपारचा पहारा

फरदडीच्या, हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या कापसात हाताला काही लागत नाही. अर्धी बोंडं किडकी, उरलेली टोकदार. वेचणाऱ्याच्या नखांच्या कडेनं रक्त येतं, पण कमरेची ओटी काही फुगत नाही. कवठसावंगीच्या बाया किशनरावांच्या वावरात सकाळपासून त्याच कापसात वाकल्या होत्या. त्यांच्या ओळीच्या शेवटाला, बायांच्या कामात एकटा बाप्या, बन्सीधर होता. भाद्रपदातल्या पावसानं त्याच्या दोन एकरातलं सोयाबीन जागच्या जागी कुजवलं, तेव्हापासून तो बायकोच्या, रुख्मिणीच्या मागं वेचणीला येऊ लागला होता.

"सिद्धोधनभाऊ म्हनले," रुख्मिणी शेजारच्या ओळीतल्या तानुबाईला सांगत होती, "काटा मालकाचा आसला तरी डोळा आपला पायजे."

बाया हसल्या. कुणीतरी ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं.

बन्सीधरनं पाठ सरळ केली. "हे मीच म्हनलो व्हतो. मह्या गान्यात हाय हे. पंधरा वर्सं झाले."

तानुबाई म्हातारी, तोंडात एक दात, पण जीभ शाबूत. ती वर न बघता म्हणाली, "म्हनला आसशील बाबा. पर तू गाऊन म्हनतोस. आमी टाळ्या वाजवतो अन् घरला जातो. त्यो नुस्ता बोलतो, ते ध्यानात राहतं."

बाया पुन्हा हसल्या. रुख्मिणीही हसली. बन्सीधरनं खाली वाकून एक बोंड असं ओढलं की फांदीच मोडून हातात आली.

त्याचा गळा खरंच गोड होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो देवळातल्या भजनात उभा राहत आला. कीर्तनकार महाराज कुठलेही असोत, चाल उचलायला मागं बन्सीधर हवा, असं पंचक्रोशीत म्हणत. त्याच गळ्यावर शेतकरी-शेतमजूर पंचायतीनं त्याला वीस वर्षांपूर्वी उचललं. रोजगार हमीच्या मोर्चात तो परभणीला दोन रात्री कोठडीत राहिला, तिथंही गात राहिला, आणि हवालदारानं त्याला आपल्या डब्यातली भाकर दिली. देवाचं भजन आणि कष्टकऱ्याचं गाणं यांत त्याला कधी फरक वाटला नाही. दोन्हीकडं माणसं दाटीनं बसतात आणि आपलं दुःख विसरण्याऐवजी आठवतात, हे त्याला आवडे.

सिद्धोधन या सगळ्यात उशिरा आला. पुण्याच्या कारखान्यातलं काम सुटलं म्हणून गावी परतलेला, पस्तिशीचा, बारीक अंगाचा. बौद्धवाड्यात त्यानं भूमिहीन हक्क मंच काढला. गेल्या वर्षी ऐन वेचणीत त्यानं बायांना चार दिवस घरी बसवलं, कापूस झाडावर लोंबू लागला आणि मालकांना मजुरी वाढवावी लागली. त्यात गाणं नव्हतं की मोर्चा नव्हता. वीस वर्षं आपण आरोळ्या दिल्या आणि हा चार दिवस गप्प बसवून जिंकला, हे बन्सीधरच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

आणि यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली.

तालुक्याला, सेलूला, धान्याच्या मोंढ्यामागं भगवानराव गुरुजींची खोली होती. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या क्रांतिकारी कामगार गटात चार माणसं, त्यातलं एक दम्यानं अंथरुणाला खिळलेलं. पण गुरुजींच्या पायाला चक्र. पंचायत, मंच आणि गट या तिघांचे झेंडे लालच, फक्त कुणाच्या झेंड्यावर मूठ, कुणाच्या चांदणी, कुणाच्या कणीस. एवढ्यावरून ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांच्या सभेला गेली नव्हती. गुरुजींनी सायकलीवर फिरून त्यांची मोट बांधली. 'कष्टकरी डावी एकजूट' अशी पत्रकं छापली. झेंड्यावर काय असावं यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी कोरं लाल कापड ठरलं.

उमेदवारीच्या बैठकीत बन्सीधर धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. मतदारसंघ खुला होता, आरक्षण नव्हतं, आणि एकजुटीत सगळ्यात जुना कार्यकर्ता तोच होता. नाव ठरवायला वेचणीच्या बायांच्या वतीनं दोघींना बोलावलं होतं. त्यातली एक रुख्मिणी.

"बन्सीधरच्या बाजूनं हात वर करा," गुरुजी म्हणाले. पंचायतीचे हात वर झाले.

"सिद्धोधनच्या बाजूनं." मंचाचे हात वर झाले. गुरुजींनी स्वतःचाही केला. आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायांतून एक हात वर आला, तर्जनीला फडकं गुंडाळलेला. ते फडकं बन्सीधरनंच सकाळी हळद लावून बांधलं होतं.

सिद्धोधनचं नाव तिथंच ठरलं. छाननीत एखादा अर्ज उडाला तर गफलत नको म्हणून तिघांनीही अर्ज भरून ठेवायचे आणि छाननीनंतर बन्सीधरनं व गुरुजींनी माघार घ्यायची. "माघार म्हणजे स्वतः तहसीलला जाऊन सही करायची," गुरुजींनी बजावलं. "शेवटच्या दिवशी, तीनच्या आत. तीन म्हणजे तीन."

परतीच्या बसमध्ये नवरा-बायको शेजारी बसले आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. घरी चुलीपुढं बसल्यावर बन्सीधरनं तोंड उघडलं.

"हात वर केलास."

"केला."

"मही आठवन न्हाई आली?"

"तुमी समोरच बसले व्हते की. आठवन कशाला येईल." रुख्मिणीनं भाकर तव्यावर टाकली. "अवं, घरचं मानूस म्हनून मी तुमाला भाकर देईन. मत कामाला देते. ते भाऊ आले तव्हापून मुकादम मला ये-जा म्हनत न्हाई, या-जा म्हनतो. हे तुमच्या गान्यानं झालं का, तुमीच सांगा."

भाकर फुगली, तिनं ती त्याच्या ताटात टाकली, आणि तो ती न तोडता बघत बसला. सिद्धोधनवर राग धरावा तर तो मान खाली घालून 'काका' म्हणायचा. रुख्मिणीवर धरावा तर तिचं बोलणं खरं होतं. मग तो राग जागा न मिळालेल्या गुरासारखा आत फिरत राहिला.

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला. देवळापुढं मांडव पडला, पहाटे काकडा आणि संध्याकाळी कीर्तन सुरू झालं. एरवी हे सात दिवस बन्सीधरला वर्षभराची शिदोरी असत. त्याला कीर्तनात सगळ्यात जास्त दृष्टान्त आवडत. महाराज एखाद्या कुंभाराची, एखाद्या वाटसरूची गोष्ट सांगत आणि ऐकणाऱ्याला वाटे, हा तर मीच. यंदा तो टाळ घेऊन उभा राही, पण त्याची नजर बायांच्या बाजूला जाई. रुख्मिणी कुणाशी काय बोलते, कुणाचं नाव घेते.

माघारीच्या आदल्या दिवशी किशनरावांनी त्याला मांडवात गाठलं. किशनराव सप्ताहाचे पुढारी, गावचे मोठे शेतकरी, आणि त्यांचा पुतण्या याच मतदारसंघातून सत्तेतल्या पक्षाचा उमेदवार.

"बन्सी, उद्या दुपारचा बाराचा पहारा तू घे."

पहारा म्हणजे विणेचा. सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन नामस्मरण करत उभा असतो. वेळ झाली की पुढचा येतो, विणेकऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. तसा पुढचा घेईपर्यंत आधीच्यानं हलायचं नाही. बारा ते दोन हा पहारा किशनरावांचा स्वतःचा, वडिलांपासूनचा.

"उद्या मला सेलूला जायचं हाय, नाना."

"जा की. दोनचा पहारा दत्ताचा, त्यो येतो तुह्या हातातून घ्यायला. फटफटीवर अर्ध्या तासाची वाट. मी कुठं आडवायलो?" किशनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लय वर्सं मागं उभा राहून गायलास. एक दिवस गळ्यात घे. बाकी ते हात वर झाल्याचं कानावर आलं, बाबा. तुह्या घरातलाच म्हनं. ऐकून वाईट वाटलं."

खांद्यावरचा हात निघून गेला, पण त्याचं वजन रात्रभर तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाराला त्यानं वीणा गळ्यात घेतली. काठ छातीला लागला, तार अंगठ्याखाली थरथरली, आणि खरंच, पहिला तासभर त्याला दुसरं काही आठवलं नाही. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. मांडवाच्या फटीतून उन्हाचा पट्टा पायाशी पडला होता. माणसं येत, पाया पडत, जात. कुणी त्याच्याकडं गाणारा म्हणून बघत नव्हतं, विणेकरी म्हणून बघत होतं.

दोनच्या आधी बाहेर फटफटी थांबल्याचा आवाज आला. मांडवाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, त्याला तहसीलला न्यायला आलेला सिद्धोधन उतरला आणि तिथंच उभा राहिला. रुख्मिणी वावरातून थेट आली होती, ओटी कमरेलाच. ती आत येऊन बायांच्या जागी उभी राहिली.

दत्ता वेळेवर आला. हातपाय धुतलेले, कपाळी बुक्का. तो वाकला, बन्सीधरच्या पाया पडला आणि वीणा घ्यायला दोन्ही हात पुढं केले.

बन्सीधरनं ते हात बघितले. दत्ताच्या खांद्यावरून लिंबाखालचा सिद्धोधन दिसत होता, फटफटीच्या आरशात बघून केस सारखे करत. उद्यापासून गावोगाव याचं नाव, भिंतीवर याचा फोटो, आणि आपण मागं, चाल उचलायला. बन्सीधरनं डोळे मिटले. नाम थोडं मोठ्यानं म्हटलं, वीणा छातीशी घट्ट धरली आणि मान एकदा आडवी हलवली.

दत्ता भाबडा. त्याला वाटलं, भाव लागला. असं होतं कधीकधी, मोठमोठ्या विणेकऱ्यांना होतं. त्यानं हात जोडले आणि तो मागं सरून बसला. जवळच्या दोघा-तिघांना त्यानं खुणेनं सांगितलं. त्यांनीही हात जोडले.

मिटल्या डोळ्यांआड बन्सीधर नाम घेत होता आणि वेळ मोजत होता. निघालो तर अजून पोचतो. अजूनही पोचतो. आता जोरात मारली तर. एकदा त्यानं डोळे किलकिले केले. रुख्मिणी बायांतून पुढं येऊन अगदी समोर उभी होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती रिकाम्या हातांनी बसलेल्या दत्ताकडं बघत होती, आणि मग तिनं सावकाश नजर उचलून नवऱ्यावर ठेवली. त्यानं पुन्हा डोळे मिटले.

बाहेरून सिद्धोधनचा आवाज आला, हळू, कुणाला तरी सांगणारा, "असू द्या. आवाज करू नका. त्यांचा पहारा व्हऊ द्या."

तीन वाजून गेले तेव्हा बन्सीधरनं डोळे उघडले आणि वीणा दत्ताच्या गळ्यात दिली. त्यानं कुणाशी नजर मिळवली नाही. लोकांना तेही भावाचंच लक्षण वाटलं.

एकजूट त्या दिवशीच मोडली. अंगची हळद निघायच्या आत काडीमोड. गुरुजींनी सकाळीच माघार घेतली होती. त्यांनी संध्याकाळी फोन केला. "वीस वर्षांत तुमच्या पंचायतीनं दुसरं काय केलं?" एवढंच विचारून ठेवून दिला आणि निवडणुकीवर बहिष्काराचं पत्रक काढलं. पंचायतीच्या परभणीच्या पुढाऱ्यांनी उलट बन्सीधरलाच आपला खरा उमेदवार म्हणून जाहीर केलं. कोऱ्या लाल झेंड्यांवर पुन्हा कणीस आणि मूठ रंगवायला घेतली. बन्सीधरला चिन्ह मिळालं, शिट्टी.

किशनरावांनी प्रचाराला जीप पाठवली, वर भोंगा बांधलेली. जीप दारात उभी राहिली आणि ती कुणाची आहे हे बन्सीधरसकट सगळ्या आळीला कळलं. त्यानं ती परत लावून दिली, पण आळीनं बघायचं ते बघितलं होतं.

रुख्मिणी बोलणं टाकून बसली नव्हती. मीठ दे म्हटलं तर देत होती. उद्या कुणाच्या वावरात जायचं ते सांगत होती. बस्स, तेवढंच.

काल्याच्या दिवशी मांडव तुडुंब भरला. दहीहंडी वर टांगलेली, लाह्यांचा वास. महाराज लांबून आलेले, भारदस्त, बन्सीधरला फार आवडणारे. दृष्टान्ताच्या जागी ते थांबले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "गोष्ट जुनी कशाला सांगू. तुमच्या गावातली सांगतो. एक माणूस वीणा घेऊन उभा होता. बाहेर गाडी उभी, राजकारणाचं बोलावणं. पण त्या माणसानं..."

पुढचं बन्सीधरला नीट ऐकू आलं नाही. माणसं वळून त्याच्याकडं बघत होती. त्याच्या हातातले टाळ वाजायचे थांबले. लहानपणापासून त्यानं ज्या गोष्टी ऐकून डोळे पुसले, त्यांच्या रांगेत आज तो उभा होता, आणि गोष्ट खोटी होती. महाराजांनी त्याला जवळ बोलावलं, गळ्यात हार घातला आणि ते आपण होऊन त्याच्या पाया पडले. मांडवात नामाचा गजर झाला. बायांच्या बाजूला सगळे हात वर होते. एक सोडून. रुख्मिणी पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती त्याची लाज राखत बसली होती.

काला फुटला तेव्हा बन्सीधर प्रसादाला थांबला नाही. हार काढून त्यानं देवापुढं ठेवला आणि तो तसाच अनवाणी बौद्धवाड्याकडं निघाला.

सिद्धोधन घराच्या ओट्यावर बसून पत्रकांना खळ लावत होता. आत त्याची आई, सुलाबाई, तूर पाखडत होती. बन्सीधर अंगणात उभा राहिला.

"दत्ता येळेवर आला व्हता," तो म्हणाला. "मीच दिली न्हाई."

सिद्धोधननं ब्रश डब्यात ठेवला. "माहीत हाय, काका. बघितलं मी."

"बघितलं? मंग बोलला कामून न्हाईस?"

"काय बोलू? देवळाच्या मांडवात येऊन तुमच्या गळ्यातली वीना वढू? मी?" त्याचा आवाज चढला नाही. "अन् मंग रातच्याला हितं काय झालं आसतं, ते तुमी बोला."

बन्सीधर ओट्याच्या कडेला बसला. इतके दिवस त्यानं हाच हिशोब केला होता की आपण काय गमावलं आणि सिद्धोधनला काय मिळालं. लिंबाखाली उभ्या असलेल्या त्या पोरानं त्या दुपारी काय सांभाळलं, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं.

सुलाबाईनं सूप खाली ठेवलं आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं धरला. "घ्या. चेहरा उतरलाय तुमचा."

तो पाणी प्याला. "नाव तर छापून आलं आता. मशिनीतून काढता येत न्हाई म्हनतेत. गावोगाव फिरतो. सांगतो लोकायला, मला देऊ नका."

"सांगा," सिद्धोधन म्हणाला. मग खळीचा डबा जवळ ओढत, "पर गाऊन नका सांगू. लोक टाळ्या वाजवतेत अन् तुमालाच मतं देतेत."

सुलाबाई हसली. बन्सीधरला हसू आलं नाही, पण त्यानं दुसरा ब्रश उचलला.

मग ते दिवस पायपिटीचे. सकाळी वेचणी, दुपारनंतर गावं. सिद्धोधन पारावर उभा राहून बोले, आणि शेवटी बन्सीधर उभा राहून म्हणे की मी शिट्टी, मला मत देऊ नका, मी हेव्यापायी सही केली नाही. माणसं आधी हसत, मग एकमेकांकडं बघत. आपल्याच गावात ते सांगायच्या दिवशी तो खाली बघत बोलला. पुढच्या रांगेत दत्ता होता, सगळं ऐकून त्याचा चेहरा गोरामोरा झाला. तानुबाई काठी टेकत पुढं आली.

"शिट्टी कशी दिसती ते नीट दाखव बाबा. न्हाईतर मी म्हातारी चुकून तुलाच दाबीन."

त्यानं हातानं आकार करून दाखवला. तिनं मान डोलावली. "हां. ही सोडून."

किशनरावांनी त्या दिवसापासून त्याचं वावरात येणं बंद केलं. "बायका येऊ देत, तू नको," असा निरोप आला. दुसऱ्या दिवशी बायाच गेल्या नाहीत. रुख्मिणीनं नुसतं सांगितलं, "पिंगळीकडं वेचनी हाय. उद्या पाटे निघायचं. तुमी बी या."

हेवा मात्र सरला नव्हता. पारावर सिद्धोधन बोलू लागला की बाया पुढं सरकून बसत, आणि बन्सीधरच्या छातीत ते जुनं जनावर उठून एकदा फिरे आणि बसे. त्याला त्याची लाज वाटे. मग तो मनातल्या मनात नाम घेई. कधी उपयोग होई, कधी नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग होती. रुख्मिणीचं आधी झालं. बन्सीधरच्या बोटाला शाई लावली आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेला. समोर मशीन. वरून तिसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं, पूर्ण, वडिलांसकट, ठसठशीत छापलेलं, पुढं शिट्टी. आयुष्यात त्याचं नाव आजवर पंचनाम्यात, रेशनकार्डावर आणि पोलिसांच्या कागदात उमटलं होतं. असं, निवडावं म्हणून, कुणी छापलं नव्हतं. दोन ओळी खाली सिद्धोधन.

एक मत. त्यानं काय होणार होतं? बघणारं कुणी नव्हतं. गावोगाव सांगायचं ते सांगून झालं होतं. बोट उचललं गेलं आणि ते वरच्या बटणाकडं झुकलं.

"काका, झालं का?" पलीकडून अधिकाऱ्यानं विचारलं.

बन्सीधरनं डावा तळवा आपल्या नावावर ठेवला, चिन्हासकट, बटणाला धक्का न लावता. मग उजव्या हातानं खालचं बटण दाबलं. शिट्टीसारखाच लांब आवाज आला आणि तो संपेपर्यंत त्यानं तळवा उचलला नाही.

बाहेर रुख्मिणी रिकाम्या ओट्या आणि भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. पिंगळीची गाडी गाठायची होती.

"लय येळ लागला," ती म्हणाली.

"नाव वाचत व्हतो."

"कुनाचं?"

"दोन्ही."

तिनं एक ओटी त्याच्या खांद्यावर टाकली, भाकरी आपल्याकडंच ठेवली, आणि दोघं टेसनाच्या वाटेला लागले. आज ती पुढं नव्हती, त्याच्या बरोबरीनं चालत होती.